डुमसचं पांढरं आभाळ

पमा, तुझा समुद्र परवा माझ्या घरी आला. अश्विनीने आणला. धुळ्याहून एसटीने, तुझ्याच जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, सबंध रस्ताभर मांडीवर धरून. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, ही प्लेट आईने तुलाच द्यायला सांगितली होती," आणि चप्पल काढायचंही विसरून रडायला लागली. मी रडले नाही. माझं रडून झालं होतं. शिवाय ओलं बोट लागलं तरी तांब्याच्या प्लेटवर डाग धरतो, हे तू मला आयुष्यभर ओरडून ओरडून शिकवलंस. मी आधी प्लेट पुसली आणि मग तुझ्या लेकीचे डोळे.

तुझ्याविषयी लोक सध्या फार गोड बोलतायत. तुझ्या शाळेत शोकसभा झाली, तिथे एकाने तुला 'मितभाषी' म्हटलं. मी शेजारच्या बाईंकडे बघितलं, त्या माझ्याकडे बघत होत्या. दुसरे म्हणाले, प्रमिलाताईंनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध! ज्या हेडमास्तरांच्या मुलीच्या रांगोळीला तू भर बक्षीस समारंभात "रंग बरे आहेत, रेघ नाही" म्हणालीस, तेच हे हेडमास्तर. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी एवढंच म्हटलं की प्रमिला भांडखोर होती आणि मला तशीच हवी होती. सभेत शांतता पसरली. तुला आवडली असती.

आपलं भांडण कशावरून होतं, हे अश्विनीलाही नीट माहीत नव्हतं. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

तुला एचिंगमध्ये समुद्र करायचा होता, तांब्यावर रेघा कोरून त्यांचा कागदावर छाप. खान्देशात बसून समुद्र, यावर तुझ्या शाळेतले सगळे हसले. मीही हसले. मी म्हटलं होतं, करायचाच तर कोकणात जाऊ, माडबिड असतील, होड्या असतील. तू म्हणालीस, "कोकणना समुद्र कोकणवालास्ना. आपला समुद्र सुरतले शे." मला वाटलं चेष्टा आहे. पण तुझा हिशेब सरळ होता. आपली तापी भुसावळवरून, तुझ्या माहेरच्या शिवारावरून वाहत सुरतेला जाते आणि डुमसजवळ समुद्राला मिळते. मग तो आपलाच. आपण सुरत पॅसेंजरला बसलो. तू मांडीवर प्लेट घेऊन बसलीस. तिच्यावर मेणाचा काळा थर आदल्या दिवशीच लावून ठेवला होतास. समोरच्या बाईने विचारलं, आरसा आहे का? तू म्हणालीस, हो.

डुमसला पोचलो आणि माझं तोंड उतरलं. ओहोटी लागलेली. समुद्र कुठेतरी लांब मागे गेलेला, आणि मधे मैलभर नुसता काळा चिखल. काळीच वाळू. वर मे महिन्याचं दुपारचं आभाळ, त्यात रंग नावाला नाही. माड नाही, होडी नाही. मी म्हटलं, पमा, यात काढायचं काय? छत्री माझ्या हातात दिलीस, चिखलाच्या काठाला बसलीस, आणि सुईने मेण खरवडत थेट प्लेटवर रेघा ओढायला लागलीस. कागदावर आधी कच्चं चित्रसुद्धा नाही. वारा होता, वाळूचे कण मेणावर येऊन चिकटत होते. मी ते फुंकायला गेले तर हात झटकलास. "ऱ्हाऊ दे. त्याबी आठलाच शेतस." तेही इथलेच, म्हणे. पुढे अ‍ॅसिडने रेघा तांब्यात खोदल्या तेव्हा ते कणही बारीक बारीक ठिपके होऊन उठले आणि तसेच राहिले. आज लोक त्यांना पक्षी म्हणतात.

भजीवाला एक गुजराती माणूस येऊन उभा राहिला. "बेन, शुं करो छो?" तू अहिराणीत सांगितलंस, तो गुजरातीत बोलत राहिला, आणि तुमचं इतकं जमलं की त्याने टोमॅटोची भजी गरम करून आणली. मला मात्र त्याने शेवटपर्यंत तुझी मोलकरीण समजलं. छत्री धरून उभी होते ना.

तेवढ्यात ती बाई चिखलात उतरली. डोक्यावर टोपली, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, सरळ समुद्राच्या दिशेने चालत गेली. निवट्या, चिखलातले ते बारके मासे, पकडायला जातात म्हणे त्या. बघता बघता एवढीशी झाली. तू तिच्यासाठी सुई जेमतेम टेकवलीस, दोन-चार स्पर्श, बस. मग क्षितिजाची रेघ. ती रेघ तू एका श्वासात ओढलीस, पट्टी नाही, टेकू नाही, प्लेटच्या या काठापासून त्या काठापर्यंत. मध्ये एका जागी ती थोडीशी खाली आली आणि परत वर गेली. चुकली म्हणशील तर नाही, मुद्दाम म्हणशील तर तेही नाही. मी जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली, पण तशी रेघ माझ्या हातून एकदाही आली नाही. हे तुला सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी सांगितलंच नसतं. तू डोक्यावर बसली असतीस.

दुपारीच तू सगळं आवरलंस. मी म्हटलं, अगं, सूर्यास्त तरी बघू, लोक त्यासाठी येतात. "बुडता सूर्य बठ्ठं जग देखस. दुपारले कोन देखस?" असं म्हणून समुद्राकडे पाठ करून बसलीस. मी एकटीने सूर्यास्त बघितला. सुंदर होता. परतीच्या गाडीत मी त्याचं वर्णन केलं आणि तू झोपेचं सोंग घेतलंस.

त्यानंतरचे रविवार आठवतात का? आपला छपाईचा प्रेस असोद्याला, माझ्या भावाच्या शेतातल्या शेडमध्ये. तू धुळ्याहून निघायचीस आणि एरंडोलहून फोन करायचीस, "एरंडोल सुटनं, च्या टाक." एचिंगला कागद ओला लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात ओला कागद चहा होईपर्यंत पापडासारखा कडक होतो. त्यावर मी शक्कल काढली. केळीच्या खांबाची सोपटं दिवसभर ओली राहतात, त्यांच्यात कागद ठेवू. तू माझं कौतुक केलंस, हे मी विसरणार नाही, कारण ते एकदाच झालं. दुपारी सोपटं उघडली तर कागदांना कडेने तपकिरी डाग. केळीच्या चिकाचा डाग! आमच्या घरात केळी कापायचे कपडे वेगळे ठेवतात, कारण कपडा फाटतो पण तो डाग जात नाही. हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत. तू डोक्याला हात लावलास. "बठ्ठं वाटोळं करी टाकं तुन्ही केळीनी!" भाऊ दारातून म्हणाला, "अक्का, केयीच्या घरची तू, आन तुले मालूम नई?" आणि तो हसला, मग तू हसलीस, मग मीही. त्या डागाळलेल्या कागदांवर आपण सरावाचे प्रिंट काढले, आणि तिथेच, त्याच कागदांवर, आपलं खरं भांडण सुरू झालं.

अश्विनीला मी हे प्लेट हातात घेऊन समजावलं. रेघांमध्ये शाई भरली की वरची जास्तीची शाई पुसून काढायची असते. साफ पुसली तर रेघांखेरीज बाकीचा कागद पांढरा राहतो. पण पुसताना पातळशी शाई मुद्दाम मागे ठेवली, तळहात हलका फिरवला, तर तिथे एक करडी सावली येते. एकच प्लेट, एकच रेघ, पण पुसणाऱ्याच्या हातावर दिवस आहे की संध्याकाळ ते ठरतं. मी तुझ्या आभाळात ती सावली ठेवली. वरून गडद, क्षितिजापाशी विरत गेलेली. काय दिसत होतं ते! भाऊसुद्धा थांबला बघायला. तू प्रिंट उचललास, उजेडात धरलास आणि म्हणालीस, "हाऊ कोना समुद्र शे?"

"तुझाच."

"मना नही. मन्ही दुपार कुठे गई?"

मग किती वर्षं तेच. मी म्हणायचे, चित्रात वातावरण लागतं, नुसत्या रेघांनी माणूस थांबत नाही. तू म्हणायचीस, उजेड लपवून वातावरण करायला अक्कल लागत नाही. मी म्हणायचे, डोळे दिपवून तरी काय मिळवतेस? एकदा तर तू जेवणावरून उठलीस, माझं भरीत तसंच टाकून, आणि पुढचा रविवार आली नाहीस. त्याच्या पुढच्या रविवारी एरंडोलहून फोन आला, च्या टाक. भरिताचा विषय कुणी काढला नाही. तू प्लेट साफ पुसून थोडे प्रिंट काढलेस, त्यांच्यावर सही केलीस, बाकीचे पुढे बघू म्हणालीस. पुढे तुझं गुडघ्याचं निघालं, मग ते दुसरं.

दवाखान्यात मी शेवटचं भेटायला आले तेव्हा तुला बोलायला त्रास होत होता. मी म्हटलं, पडून राहा, बोलू नको. तू ऐकणार थोडीच. "उरेल प्रिंट तूच काढ. प्रेस तुन्हा, प्लेट मन्ही. मंग मोडी टाक." मी मान हलवली. तू परत म्हणालीस, "साफ पुसजो." मी त्यावर हो म्हटलं नाही. आजारी माणसाचं मन राखायला कुणीही हो म्हटलं असतं, पण आपलं तसं नव्हतं, मन राखण्यातलं. मी म्हटलं, बघू. तू डोळे मिटलेस आणि तुझ्या ओठाचा कोपरा हलला. नर्सला वाटलं दुखतंय. मला माहीत होतं तू हसलीस.

मोडणं म्हणजे काय, तेही अश्विनीला सांगावं लागलं. ठरवलेले प्रिंट पुरे झाले की प्लेटवर कोरणीने एक खोल रेघ मारायची, आरपार, म्हणजे मागाहून कुणी त्यातून आणखी प्रिंट काढू नयेत. आणि मग त्या मोडलेल्या प्लेटचाही एक प्रिंट घ्यायचा, मोडल्याचा पुरावा म्हणून. रीतच आहे ती. अश्विनीचा चेहरा पडला. "आईनेच सांगितलं?" मी म्हटलं, आईनेच.

काल पहाटे आम्ही दोघी असोद्याला गेलो. उन्हं चढली की शाई पातळ होते, म्हणून लवकर. कागद साध्या ओल्या फडक्यात ठेवले होते, केळीच्या वाटेला गेले नाही. प्लेट जरा गरम केली, शाई भरली, पुसायला घेतली आणि हात आभाळापाशी आला. पमा, मी लपवून ठेवत नाही. मी सावली ठेवली. तू नव्हतीस ओरडायला. आणि मला बघायचंच होतं एकदा, चांगल्या कागदावर, कुणी हिसकावून न घेता.

प्रिंट निघाला. अश्विनीने तो दोन्ही हातांत घेतला आणि ओल्या डोळ्यांनी बघत राहिली. "मावशी, किती शांत आहे गं. सगळे असेच काढ ना." मग हळूच म्हणाली, "आईला आता कुठे कळणार आहे?" मला तिचा राग नाही आला. तिला घराच्या भिंतीवर एक शांत आई हवी होती. इतकी वर्षं भांडणारी होती, मग खोकणारी होती, मग नळ्या लावलेली. पोरीने संध्याकाळ मागितली तर तिचं काय चुकलं? आणि खरं सांगू, मला तर तेच हवं होतं. प्लेट माझ्या हातात, प्रेस माझा, तुझी लेक माझ्या बाजूची. इतकी वर्षं मी याहून चांगली संधी मागितली असती तर मिळाली नसती.

मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "बाई कशी दिसतेय?"

"कुठली बाई?"

मी प्रिंट तिच्या हातून घेतला. चष्मा पुसला. चिखल होता, क्षितिज होतं, ठिपके होते. बाई नव्हती. आभाळाची सावली उतरत उतरत क्षितिजाच्या खालीही थोडी आली होती, आणि तू जेमतेम सुई टेकवून काढलेली ती एवढीशी बाई त्या करड्यात विरघळून गेली होती. इतक्या वर्षांच्या भांडणात मी आभाळाकडेच बघत राहिले होते. तू वातावरण, उजेड, अक्कल, सगळ्यावरून भांडलीस, पण एकदाही म्हणाली नाहीस की कुंदा, माझी बाई दिसत नाही. का नाही म्हणालीस? एका वाक्यात मी गप्प झाले असते. का मी स्वतःहून बघावं म्हणून थांबलीस? की तुला भांडणच संपवायचं नव्हतं? याचं उत्तर तुझ्याकडे आहे आणि तू ते घेऊन गेलीस. मला याचा राग येतो, आणि तो आला की तू अजून इथेच असल्यासारखं वाटतं, म्हणून मी तो जाऊ देत नाही.

मी प्लेटला परत शाई भरली. जाळीच्या कापडाने पुसली, मग तळहाताला खडूची पूड लावून पुसली, आभाळ आरशासारखं लखलखेपर्यंत. अश्विनीला म्हटलं, चाक तू फिरव. तिने फिरवलं. कागद उचलला तर दुपार झाली होती. पांढरं, निष्ठुर, आपल्या चोपड्याच्या रस्त्यावर मे महिन्यात असतं तसं आभाळ, आणि त्याच्याखाली त्या मैलभर चिखलात एक बाई टोपली घेऊन एकटी चाललेली. कुणाच्या आधाराशिवाय, कुणाकडे न बघता. अश्विनी कागदावर वाकली. मग तिने त्या बाईवर बोट नेलं, टेकवलं नाही, शिकलीय तुझ्याकडून. "आईची चाल अशीच होती," ती म्हणाली. "बसस्टँडवरून घरी येताना."

उरलेले सगळे प्रिंट मी तसेच काढले. साफ पुसून. दुपारपर्यंत माझे खांदे भरून आले, भावाने ताक आणून दिलं, अश्विनीने कागद वाळत घातले. त्यांच्यावर सही कुणाचीच नाही. तुझी करता येत नाही आणि माझी करायची नाही. अजूनही माझं मत बदललेलं नाही बरं का. संध्याकाळ जास्त सुंदर दिसते, दहा जणांना विचार, नऊ जण हेच सांगतील. पण ती तुझी संध्याकाळ नाही, तू ती बघितलीच नाहीस, तिच्याकडे पाठ करून बसली होतीस. तुझ्या नावाने तुझी दुपारच गेली पाहिजे. एवढं मी तुझं देणं लागते आणि ते द्यायला मला जड गेलं नाही. उलट शेवटचा प्रिंट काढताना वाटलं की तुझ्याबरोबर काम करण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. हे मी अश्विनीसमोर मोठ्याने म्हटलंसुद्धा.

मग प्लेट मोडायची वेळ आली. अश्विनी म्हणाली, मी बाहेर थांबते. मी कोरणी घेतली. आभाळाच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली, जोर लावून, तिरकी खाली आणली, तुझी ती एका श्वासातली क्षितिजरेघ कापली, चिखलातून नेली आणि दुसऱ्या काठाला सोडली. बाईपासून वीतभर लांबून. नियमात बसतं ते. तांबं कापताना जो आवाज होतो तो मला सहन होत नाही, तरी मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं.

आता मोडल्याचा प्रिंट घ्यायचा होता. हा कुठे लागत नाही, विकला जात नाही, मोजला जात नाही. त्याच्यावर तुझं नाव नसतं. मी शाई भरली आणि पुसताना आभाळापाशी हात हलका केला. सावली ठेवली. चांगली दाट ठेवली, वरून गडद, खाली विरत गेलेली, डुमसला मी एकटीने बघितली होती तशी. चाक मीच फिरवलं. निघालेल्या कागदावर तुझा समुद्र, माझी संध्याकाळ, आणि दोघांच्या मधून गेलेली ती तिरकी रेघ.

मी तो प्रिंट उजेडात धरला, तू धरायचीस तसा, आणि शेडच्या रिकाम्या बाजूला वळून म्हटलं, "बघ. आता सांग, काय वाईट आहे यात?"

बाहेर भाऊ पाण्याची मोटर बंद करून गेला होता. कुठून काही आवाज नाही. आपल्या इतक्या वर्षांच्या भांडणात शेवटचा शब्द पहिल्यांदाच माझा झाला, आणि मी तो प्रिंट तसाच हातात धरून उभी राहिले, वाट बघत.

भांड ना गं, पमा.